नाल्यातून जाणारी फियाट

३ सप्टेंबर १९७४, मंगळवार

आज गॅरेजात एक फियाट आली, बैलगाडीच्या मागं बांधून. आत चिंताकीच्या शाळेतले बंडोपंत मास्तर. स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं धरलेलं की गाडी बैल नाही, तेच ओढून आणायलेत.

गाडी त्यांच्या थोरल्या भावाची. भाऊ गुलबर्ग्याला वकील होता, वारला. चार वर्षं शेडमध्ये उभी. सीटच्या काथ्यात उंदरांनी घर केलेलं, वायरी कुरतडलेल्या. इंजिन मात्र जाम नाही. हँडल मारलं, फिरलं.

मी म्हणालो, "मास्तर, महिन्याभरात रस्त्यावर पळवून देतो."

"रस्त्यावर नको. शेतातून गेली पाहिजे, नाल्यातून गेली पाहिजे. काळ्या मातीत रुतता कामा नये."

"मग जीप घ्या की."

बंद दाराच्या काचेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "जीपमध्ये मागं काय आहे ते सगळ्यांना दिसतं."

मला 'तुम्ही' म्हणतात. औरादमध्ये गॅरेज टाकून सहा वर्षं झाली, पण त्यांच्या आळीतलं कोणी मला असं बोललेलं आठवत नाही.

५ सप्टेंबर

हैदराबादला सात वर्षं वर्कशॉपात काढली, पण असलं काम हातात आलं नव्हतं. बारकी गाडी, शहरातली, डांबरावर चालायची. तिला नाल्यात उतरवायचं! झोपेत पण तेच दिसायलंय. मागं पाट्यांच्या स्प्रिंगा आहेत, त्यात एकेक पाटा वाढवायचा. पुढच्या गोल स्प्रिंगांखाली लोखंडी गुटके. इंजिनाच्या पोटाखाली जाड पत्रा, दगड लागला तर तेलाचं चेंबर फुटू नये म्हणून. सायलेन्सर वर घ्यायचा. मडगार्ड कापून मोठे टायर.

९ सप्टेंबर

उंच झाली. टायर लावल्यावर खाली उतरून मी दहा पावलं मागं गेलो आणि हसलो. आमची चांगुणा भाकरी घेऊन आली होती. म्हणाली, "ही गाडी हाय का बगळा?"

१४ सप्टेंबर, शनिवार

मास्तर शाळा सुटल्यावर एस.टी.नं आले. नवी कामं सांगितली. मागचं सीट काढून टाका, सपाट फळ्या बसवा. मागच्या काचांना आतून पत्रा मारा. आणि मागचे दिवे वेगळ्या बटणानं बंद करता आले पाहिजेत.

"मागचे दिवे कामून बंद करायचे, मास्तर?"

"काम आहे."

माझ्याकडे बघून बोलत नाहीत. पान्यांच्या पेटीकडे बघून बोलतात.

चांगुणाला सांगितलं. ती म्हणाली, "तांदूळ. दुसरं काय असतंय? आंध्रातनं तांदूळ आणायचाय." आमच्या इकडं परमिटाशिवाय धान्य सरहद्दीपार नेता येत नाही, नाक्यावर पोती फोडून बघतात. पण मास्तर तांदूळ पळवणार? पंचावन्न वर्षांचा माणूस, धोतराला डाग नाही.

१८ सप्टेंबर

बटण लावलं. बरं वाटलं नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

गाडी कुठून न्यायची ते बघायला चिंताकीला गेलो होतो. लिहू की नको?

मास्तरांच्या दारापर्यंत गेलो. पायरीवर पाय ठेवला आणि ते आतून जवळजवळ पळत आले. "आत येऊ नका." आवाज चिरका. मी पाय मागं घेतला. पाण्याचा तांब्या त्यांनी पायरीवर ठेवला आणि चार हात मागं सरकले. मी प्यायलो. प्यायला नको होतं.

माझा बाप याच आळीतून चप्पल हातात घेऊन जायचा. आमची दीक्षा झाली, मी शिकलो, लोकांच्या मोटारी माझ्या हातानं चालतात. आणि 'तुम्ही' म्हणणारा मास्तर मला पायरीवरून खाली उतरवतो. 'तू' म्हणून घरात घेतलं असतं तर एवढं लागलं नसतं.

दार अर्धवट उघडं होतं. आत अंधार. फिनेलचा वास, आणि त्याच्या खाली आणखी कसला तरी. मास्तरांनी बाहेरून कुलूप लावलं, किल्ली जानव्याला बांधली. रिकाम्या घराला कोणी लावतं तसं नाही — दोनदा ओढून बघितलं.

मग दोघं पळसनाल्यावर गेलो. पलीकडची कड आंध्राची. दोन पळसांच्या मधून उतार आहे, खाली वाळू टणक. पाणी गुडघ्याएवढं. तिथूनच गाडी जाईल, दुसरीकडं नाही. नाका तिथून दीड कोस. मास्तर म्हणाले, "इथून कोणी बघत नाही."



२९ सप्टेंबर, रविवार

पडीक रानात मास्तरांना गाडी शिकवायलोय. क्लच सोडताना डोळे मिटतात. दोनदा बांधावर चढवली, एकदा बाभळीत. पण तिसऱ्या खेपेला चिखलातून सरळ काढली. गाडी जराही फसली नाही. मी आनंदानं बॉनेटवर हात मारला. ते पण हसले. त्यांना हसताना पहिल्यांदाच बघितलं, तोंड वेगळंच दिसतं.

मग मास्तरांनी मागं पाण्याची घागर ठेवली काठोकाठ भरून, बांधावरून गाडी नेली आणि किती पाणी सांडलं ते वाकून बघितलं.

"फार सांडलं. मागं धक्का बसता कामा नये, पिराजी. अजिबात नाही."

वाढवलेला पाटा परत काढायचा ठरलं, फळ्यांवर काथ्याची जाड गादी. पण तांदळाला धक्का लागला तर काय बिघडतं?

४ ऑक्टोबर, शुक्रवार

नाक्यावरचा जगदेवप्पा जमादार आला. फियाटभोवती फिरला. खाली वाकून पोटाचा पत्रा ठोकला. मागच्या काचांचा पत्रा बघितला. दिव्याचं बटण दोनदा दाबलं.

"कुणाची?"

सांगावं लागलं.

"मागं गादी कशाला?"

"धक्का बसू नये म्हणून."

"तांदळाला धक्का लागत न्हाई, पिराजी. विहिरी फोडायच्या सुरुंगाच्या कांड्यांना लागतोय. बाटल्यांना लागतोय." माझ्याच स्टुलावर बसला, माझाच चहा प्यायला. "गाडी पकडली की पहिला सवाल हाच, ही बनवली कुणी? बामन मास्तर सुटंल. तू सुटशील काय? सोच के बता."

गेला. पाने पेटीत टाकले आणि गॅरेज लवकर बंद केलं.

६ ऑक्टोबर

चांगुणा म्हणायलीय, "सांगून मोकळे व्हा. त्यानं तुमाला पायरी चढू दिली न्हाई, आन तुमी त्याच्यापायी जेलात जाणार का?"

मी तिला गप्प बस म्हणालो. पण ती जे बोलली ते मीच दोन दिवस मनात बोलायलोय.

१० ऑक्टोबर, गुरुवार

गाडी दिली. मास्तर स्वतः चालवत गेले, सावकाश. निघताना म्हणाले, "दसऱ्याची सुट्टी लागते आहे. बुधवारी पहाटे निघेन. ब्रेक एकदा बघून द्या." बघून दिले.

मला कामून सांगितलं त्यांनी? कोणालाच सांगायला नको होतं.

११ ऑक्टोबर

सांगितलं जगदेवप्पाला. दिवस पण, जागा पण. दोन पळसांच्या मधून.

१४ ऑक्टोबर, सोमवार

धम्मचक्र दिन. विहारात सगळी वस्ती जमली, पांढरे कपडे, पोरांना खीर. पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी माझे ओठ हलेनात. मी खोटं बोललो नाही. जे होतं तेच सांगितलं. तरी हलेनात.

उद्या सकाळी चिंताकीला जाऊन मास्तरांना सांगावं का, की जाऊ नका?

१५ ऑक्टोबर

गेलो नाही. एका ट्रकचं काम होतं. काम संपल्यावर शेवटची एस.टी. निघून गेली होती. पहिली मिळाली असती. खोटं कशाला लिहू?

१६ ऑक्टोबर, बुधवार

आजचं आजच लिहितो.

सकाळी नऊला चिंताकीचा एक गुराखी सायकलनं आला. "मास्तरची गाडी नाल्यात पडली. पिराजीलाच बोलवा म्हनले." दोर, जॅक, दोन फळ्या घेऊन विटांच्या ट्रकमधून गेलो.

गाडीचं नाक पाण्यात होतं. दोन पळसांच्या बरोबर मधे जमादाराच्या माणसांनी चर खणला होता, कमरेएवढा. वर गढूळ पाणी. दिसणं शक्यच नाही. पोलीस लांब काठावर उभे, नाकाला रुमाल लावून. गावातली पन्नासेक माणसं त्यांच्याही मागं. एवढी माणसं, आणि पाण्यात एकटे मास्तर, मागच्या दाराला खांदा लावून. पहाटेपासून तसेच.

जगदेवप्पा माझ्याकडं बघेना. "आपल्याला काय मालूम," एवढंच बोलला.

मी पाण्यात उतरलो. दारातून आत बघितलं.

गादीवर एक बाई. केस पिकलेले, हातांची बोटं आखडलेली, काही नाहीतच. दोन्ही पाय फडक्यांत. आपटल्यानं एका पायाचं फडकं लाल झालेलं. तो वास — आता कळला.

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "माझी बायको. नलिनी. बारा वर्षं झाली महारोग होऊन. ती माहेरी असते असं गावाला सांगितलं होतं. पाय सडायला लागला. पलीकडच्या दवाखान्यानं लिहिलं, घेऊन या. एस.टी.त घेतलं नसतं. नाक्यावर दार उघडून बघतात. एकानं बघितलं असतं तर..." काठावर सगळं गावच बघत होतं.

बाईंनी डोळे उघडले. "तुम्ही पिराजी ना? हे रोज तुमचं सांगायचे. नाल्यापर्यंत मला काही लागलं नाही हो. गाडी फार चांगली केलीत."

मी त्यांना उचललं. कोणी पुढं आलं नाही, म्हणून एकट्यानं उचललं. भाकरीच्या टोपलीएवढं वजन. पलीकडच्या काठावर नेऊन ठेवलं. मग जॅक लावला, फळ्या सारल्या, दोर पळसाला बांधला, मास्तरांनी आणि मी गाडी बाहेर काढली. पत्रा वाकलेला, पण चेंबर शाबूत. चौथ्या हँडलला चालू झाली.

बाईंना परत गादीवर ठेवलं आणि गाडी मीच चालवली. आंध्राचा रस्ता लागेपर्यंत ढेकळांतून, बांधांवरून. मागून आवाज आला नाही. दर बांधाला वाटायचं, गेल्या.

चार वाजता दवाखाना. डॉक्टर म्हणाले, पाय काढावा लागेल, बाई जगेल. मला म्हणाले, "घाबरू नका, असं उचलल्यानं हा रोग लागत नाही." मी घाबरलोय असं त्यांना वाटलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

चांगुणानं माझं ताट दाराबाहेर ठेवलंय. तीन दिवस. "लेकरं हायती घरात," म्हणते. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. मान हलवते आणि भाकरी वरून टाकते.

पायरीवर जेवताना डोकं तिथंच फिरतं. मास्तरांनी मला थांबवलं ते बाईंसाठी, का माझ्या जातीसाठी? का दोन्ही? बारा वर्षं त्यांनी कोणालाच आत घेतलं नाही म्हणे, ना भटाला ना पाटलाला. पण बाई आजारी नसत्या तर मला घेतलं असतं का, हे मला ठाऊक नाही. कधी कळणार पण नाही.

२३ ऑक्टोबर

चिंताकीच्या लोकांनी मास्तरांच्या घरातली भांडी, अंथरुणं, पुस्तकं रस्त्यावर आणून जाळली. शाळेच्या कमिटीनं कळवलं, येऊ नका. आमच्या वस्तीतला एक जण सगळं बघून आला, हसत सांगायला होता. मी त्याला गॅरेजातून हाकललं.

२८ ऑक्टोबर

जगदेवप्पा जीपचा क्लच घेऊन आला. केला नाही. दुसरीकडं जा म्हणालो.

३ नोव्हेंबर, रविवार

मास्तर आले होते. बाईंचा पाय काढला, ताप उतरला. दवाखान्यातल्या पोरांना शिकवायला ते तिथंच राहणार आहेत. मी सांगायला तोंड उघडलं, त्यांनी हात वर केला.

"चर कोणाच्या सांगण्यावरून खणला ते जमादारानं मला पाण्यातच सांगितलं. त्यानंतरच मी तुम्हाला बोलावणं धाडलं. दुसरं कोणी आलं नसतं. ज्यानं सांगितलं, तो मात्र येईल असं वाटलं."

एवढं बोलून स्टँडकडे चालत गेले. गाडी सुटेपर्यंत मी गॅरेजच्या दारात उभा होतो. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.