मिनेगिशीबाईंच्या दारातल्या करवंट्या

योकोहामा, ९ मे

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

तुम्ही दोघं गेल्यापासून घर सुनं झालंय. आईने आणलेलं कुळथाचं पीठ पुरवून पुरवून वापरते. फोन केला की तुम्ही लगेच आईकडे देता, म्हणून हे पत्र.

बाबा, ती कचऱ्याची पिशवी तुम्ही ठेवली नव्हतीत. काल बाटल्यांचा ठरलेला वार नसताना तुमच्या जावयाने, निनादने, पुन्हा बाटल्या खाली ठेवल्या. मी ओरडले तर म्हणाला, मागे ओसाकाला जातानाही ठेवली होती पिशवी, कुणी काही बोललं नाही. बोलणार कसं? हा ओसाकात, बोलणी खाल्लीत तुम्ही.

कावळ्यांनी पिशवी फोडून खालच्या मिनेगिशीबाईंच्या दारात बाटल्या, करवंट्या पसरलेल्या पाहिल्या आणि माझं डोकंच फिरलं. घरात नारळ फोडायचात तुम्ही, तेव्हा करवंट्या म्हणजे तुम्हीच, असं मी धरून चालले. इथे मला शेजाऱ्यांना तोंड दाखवायचं असतं, असं म्हणत तुम्हाला माफी मागायला खाली नेलं. त्या बाईंसमोर, अजून वाका, अजून, असं दटावत होते. उभा जन्म हेडमास्तरकी केलेले तुम्ही मुकाट्याने वाकलात.

दुसऱ्या दिवशी कामाकुराचा बुद्ध बघायला निघालो, तर गुडघा दुखतो म्हणून तुम्ही घरीच राहिलात. त्या बुद्धासाठीच तर आला होतात! मी आईला म्हटलंसुद्धा, बाबांचे नखरे वाढलेत.

निनादला सगळं सांगून तुमची माफी मागायला लावते. मी कुठल्या तोंडाने मागू? पुन्हा याल ना?

लोभ उरला असेल तर राहू द्या.

तुमची,
शलाका


कुडाळ, २१ मे

चि. सौ. शलाकास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इकडे सर्व क्षेम. यंदा फणस मोप धरलेत, खायला माणसं नाहीत.

पिशवी कुणाची ते मला ठाऊक होतं. मी न्यायला निघालो तर जावईबापूंनी हातातून घेतली, म्हणाले, जाताजाता ठेवतो. आता जावयाचं नाव मुलीपुढे कसं घ्यायचं? माझ्यापायी तुमच्यात खटका नको. त्यांना सांगू नकोस. सासऱ्याला वाकावं लागलं हे कळलं तर बिचारे माझ्यासमोर बसायचे नाहीत.

मिनेगिशीबाई तर माझ्याहून खाली वाकल्या. भली बाई.

गुडघा ठणठणीत होता. वाकल्याचं काही नाही, पोरी. शाळेत छडी उचलण्याआधी मी पोराला एकदा विचारायचो, तूच केलंस का. तू मला तेवढंही विचारलं नाहीस.

येण्याचं म्हणतेस, तर पुढच्या वर्षी तुझी आई येईल.

लोभ होता तसाच आहे.

तुझे,
बाबा