लाडवातलं कॅल्शियम

भुकूम, ४ जुलै २००३

ती. शुभांगीताईस,
साहिलचा नमस्कार.

पत्र लिहितोय, कारण तुमचा फोन ओटीवर आणि ओटीवर तुझी सासू. शिवाय साखरपुड्यात मी भाऊजींच्या चुलत्याची गचांडी धरली तेव्हापासून मला जांब्यात बंदी. चूक त्यांचीच होती, ते असो.

डॉक्टरांनी लिहिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या सासूबाईंनी लपवल्या, गोळ्यांनी मूल मोठं होऊन अडतं म्हणून, हे आईकडून कळलं. डोकंच फिरलं. माझ्या वेळी आईचं प्रेशर चढून झटके आले होते. ज्यांच्या पोटात दूधदुभतं कमी जातं त्यांचा तो धोका कॅल्शियमनं कमी होतो म्हणतात. तुमचं दूध तर सगळं डेअरीला.

म्हणून गोळ्या कुटून बेसनाच्या लाडवात घातल्यात. चाळीस आहेत, रोज दोन खा. गोळ्या पौडच्या मेडिकलमधल्या हेमलताकडून आणल्या. एकदम घेतल्या असत्या तर एकदाच जाणं झालं असतं, म्हणून रोज एक पट्टी. कॉलेज सोडल्यापासून माझी एवढीच हजेरी पूर्ण आहे.

माया पातळ करू नकोस.
साहिल

जांबे, ११ जुलै

चि. साहिल यास अनेक आशीर्वाद.

माहेरचा डबा आधी देवापुढं, मग आळीत, ही रीत विसरलास. सासूबाईंनी अडतीस लाडू वाटले. वरच्या खोल्यांतल्या कंपनीवाल्या भाडेकरूंना दोन दिवस पोट साफ होईना. मला दोन मिळाले, ते खडूसारखे लागले. तुझे भाऊजी विचारत होते, साहिलनं लाडू वळले की भिंतीला गिलावा केला. आळीची हाडं मजबूत झाली, माझीच तेवढी राहिली.

पण सातवा लागलाय, आणि संध्याकाळी जोडवी रुततात. सासूबाईंची थोरली लेक मूल अडून गेली. त्यांच्या भीतीपुढं माझं तोंड उघडत नाही. तू भांडायला येऊ नकोस.

आणि रोज पट्टी नेणाऱ्याची बायको कितव्या महिन्यात असेल, हे तुझ्या हेमलतानं एव्हाना ठरवलं असेल.

जेवत जा.
तुझी ताई

भुकूम, १५ जुलै

ती. ताईस नमस्कार.

तसंच झालं. काल तिनं विचारलं, मिसेसना कितवा. मी सगळं सांगितलं. बायको नाही हे ऐकून ती जरा हसली, पण लाडवाचं कळल्यावर चार गिऱ्हाइकांसमोर मला सोलून काढलं. गोळी अंदाजानं कुटून द्यायची नसते, ठरल्या मापानं रोज घ्यायची, लोहाच्या गोळीबरोबर नाही, आणि गोळी घेतली म्हणून प्रेशर तपासणं सुटत नाही. पाय सुजतात म्हटल्यावर तिचा आवाजच बदलला. लगेच तपासायला न्या म्हणाली.

दूधवाल्याच्या हाती हे पत्र देतोय, त्याच्या मागोमाग गाडी घेऊन मी. सासूबाई आडव्या आल्या तर माझ्याशी गाठ आहे.

साहिल

जांबे, २० जुलै

चि. साहिल यास गोजराबाईचा आशीर्वाद.

लिवणारी तुझी भन हाय. तिनं काय गाळलं तर भाडेकरूकडनं वाचून घेणार हाय मी.

तसंच तुझं मंगळवारचं पत्रबी वाचून घेतलं. तू फाटकातनं वरडत आलास तवा मी लुगडं बदलून, चपला घालून ओटीवर बसले हुते. अर्धा तास भांडलास. मी आपली गाडी चालू कर म्हणतीया, तर तुला ऐकूच येईना.

प्रेशर काठावर निघालं. डॉक्टरीणबाई म्हणल्या, येळंवर आलात. गोळीनं मूल मोठं हुत न्हाई, हे मी त्यांना तीनदा इचारलं. माझ्या थोरलीचंबी सांगितलं. त्या माझा हात धरून बसल्या.

आता शुभांगी माझ्याम्होरं गोळी घेती आन आ करून दावती. दोन येळचं दूधबी घरातच ऱ्हातंय. दर आठवड्याला तपासाय जायचं हाय, गाडी तू आणायची. ती दुकानातली पोर शहाणी दिसती, तिला लाडू निऊ नगंस.

बाळंतपणालाबी तूच यायचं. त्या दिवशी वाटंत कुणी कट मारू दे न्हाईतर शिवी दिऊ दे, खाली उतरायचं न्हाई. गाडीत माझी लेक असंल.

येत जा.
गोजराबाई