पिळाचा पंप

३ मार्च, सकाळी ७
बायको जाऊन एकवीस दिवस झाले. आजपासून नियमित दिनक्रम. हृदय म्हणजे शेवटी पंपच, आणि माझी अठ्ठावीस वर्षं पंपहाउसमध्ये गेली. बेअरिंग जाणार हे मी आठवडाभर आधी आवाजावरून सांगतो. तिच्या हृदयाचा बिघाड बाहेरून कळण्यासारखा नव्हता, हे आठ दिवसांत सिद्ध करायचं. मग स्वस्थ बसता येईल.

५ मार्च
लायब्ररीतून पुस्तक आणलं. हृदयात पिस्टन नाही, फिरतं काहीच नाही. नुसते स्नायूंचे तंतू. बाहेरच्या थरातले एका बाजूला तिरपे, आतल्या थरातले उलट बाजूला, मधले आडवे, गोल. आकुंचन पावताना ओला टॉवेल पिळावा तसं हृदय पिळलं जातं. दिवसाला लाखभर वेळा, आणि सर्व्हिसिंगसाठी एकदाही बंद नाही. असं डिझाइन आमच्याकडे पास झालं नसतं. उभ्या उभ्याच वाचलं. जेवण राहिलं.

६ मार्च
ऑपरेटर म्हणाला, साहेब, दोन नंबरचा पंप सकाळपासून कोरडा चालतोय, आवाज आला नाही का? म्हटलं, माझं लक्ष होतं. नव्हतं. उद्यापासून कामात लक्ष.

७ मार्च, दुपारी
रजा टाकली. खाटकाकडून बकऱ्याचं हृदय आणलं. किती माणसं जेवायला, असं त्याने विचारलं. अभ्यासाला हवंय म्हटल्यावर त्याने घाईने बांधून दिलं. तासभर उकळलं की थर सुटे होतील.

संध्याकाळी
थर सुटले नाहीत, चिंध्या झाल्या. तेवढ्यात लेक न कळवता आली. बाबा स्वयंपाकाला लागले म्हणून तिने डोळे पुसले आणि पातेल्यात मीठ टाकलं. गैरसमज दूर करणं बरं दिसलं नाही. दोघांनी खाल्लं. चिवट होतं.

८ मार्च
लेक राहिली आहे. तिला आकृती काढून समजावलं. तंतू थकले की पीळ ढिला पडतो, रक्त पुरेसं पुढे जात नाही, पण खडखड होत नाही. तेव्हा घरच्या माणसाला कळणं अशक्य.
तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, आईला जिन्यात मध्येच बसावं लागायचं. तुम्हाला बोलली नव्हती का?"
मी आकृतीतला एक बाण पुन्हा गिरवला.
"बोलली होती," मी म्हणालो. "मी म्हटलं, किल्ली दे, तोवर मी दार उघडतो."