पडक्या भिंतीवरचे मौलाना

फैजान बेटा,

तुझं जपानी चित्रांचं पुस्तक हरवलं नाही. परीक्षा जवळ आली म्हणून मीच ते तांदळाच्या डब्यात लपवलं. तू अबोला धरून लातूरला क्लासला गेलास, तेव्हा मी ते बाहेर काढलं. उर्दू किताबासारखं ते उजवीकडून उघडतं, म्हणून मला लगेच जमलं. इंग्रजी अडखळत वाचलं, बाकी चित्रांनी सांगितलं.

एका पानावर त्यातला पाद्री पडक्या भिंतीवर बसलाय. हात प्रार्थनेला जोडलेले आणि मांडीवर बंदूक. मी थक्क झाले. जपानच्या माणसाला तुझे अब्बा कसे ठाऊक?

किल्लारीच्या भूकंपानंतर गावात चोर फिरू लागले. मशिदीत नमाज पढवणारे तुझे अब्बा कबरी खोदून आले की अण्णाराव पाटलांची बंदूक घेऊन आपल्या पडक्या भिंतीवर बसायचे, सगळ्यांच्या घरांवर पहारा द्यायचे. शेजारची चतुराबाई म्हणायची, "मौलाना, नमाजाला निघालाव का शिकारीला?" ते हसायचे. बंदुकीत काडतूस नव्हतं, हे फक्त मला माहीत होतं. आठव्या दिवशी तीच भिंत त्यांना घेऊन कोसळली. तू पोटात होतास.

अब्बा कसे होते, हे तू किती वेळा विचारलंस. मला कधी सांगता आलं नाही.

हे पत्र टाकत नाही. रविवारी पुस्तकच घेऊन येते. त्या पानावर बोट ठेवून सांगेन, "असे."

तुझी अम्मी,
कमरुन्निसा