किरकोळ दुरुस्ती

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, व्यवसाय प्रोग्राम लिहिणे (शिक्षण : जुनी पुस्तके आणि लोकांची बोलणी), आज पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरांनी नाडी पाहून व सतराचा पाढा म्हणायला लावून खात्री केली आहे. दडपण कोणाचेही नाही; हिने दोनदा "आटपा आता" म्हटले, तेवढेच.

१. घर व बँकेतील शिल्लक पत्नीची. घर तिनेच उभे केले. मी त्यात एक खुर्ची अडवून बसलो.

२. दोन्ही संगणक व खडखडणारा कीबोर्ड मुलीला. ती तो फेकून देणार. खुशाल द्यावा.

३. "प्रोग्राम फुकट वाटतोस म्हणजे विकत कोणी घेत नसणार," असे थोरल्या भावाने चारचौघांत म्हटले होते. त्याला माफ केले. माझी छत्री त्याला द्यावी. तशीही ती त्याचीच आहे.

४. आता अवघड कलम. 'चाळणी' हा माझा प्रोग्राम, सोर्स, म्हणजे मूळ लिखाण, सर्वांना खुला, विस्कटलेले तक्ते साफ करून मोजणारा. ओळीतला एक जरी रकाना रिकामा असला, तरी तो अख्खी ओळ गुपचूप टाकून देई. एका आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंनी चाळणीच्या जाहीर पानावर तक्रार लिहिली, "दादा, वर्षात बाराशे माणसं तपासली, तुमच्या चाळणीतून तीनशेच उतरतात. ज्यांच्याकडे फोन नाही, ती माणसं नाहीतच का?"

मी उत्तर दिले, "रकाने नीट भरत जा." आणि तक्रार बंद केली. त्या तीनशेवर बोट ठेवून जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयाने केंद्र बंद केले.

वर्षभराने चूक माझ्या लक्षात आली. सुधारली, आणि बदलांच्या नोंदीत दोनच शब्द लिहिले : "किरकोळ दुरुस्ती." याला नऊ वर्षे झाली. तिथल्या गरोदर बायका आजही दोन बस बदलून तपासणीला जातात.

सबब चाळणीचे सर्व हक्क व पासवर्ड नर्सबाईंना. त्या आता स्वतः प्रोग्राम लिहितात, माझ्याहून स्वच्छ. रागापोटी शिकले, असे त्यांनीच एकदा कळवले होते.

५. माझ्या पश्चात मुलीने ही चूक माझ्या नावानिशी जाहीर करावी व कार्यालयाला कळवावी.

कलम ५ रद्द. कारण : हे वाचून दाखवताच साक्षीदार टेलरताई म्हणाल्या, "अहो काका, उसवलंय तुम्ही, आणि टाके लेकीनं घालायचे? तेही तुम्ही गेल्यावर?" ही म्हणाली, "थांबा, कॉम्प्युटर लावते."

याच टेबलावर बसून मी ती जुनी तक्रार पुन्हा उघडली. तिच्याखाली चूक कोणती, केव्हा कळली, का लपवली, सगळे लिहून नाव घातले. प्रत कार्यालयाला गेली.

सह्या होईपर्यंत नर्सबाईंचे उत्तर आलेले नाही. ते कसेही येवो, किंवा न येवो. कलम ४ कायम राहील.

ठिकाण : राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक : अकरा फेब्रुवारी, दुपार

लिहून देणार : सही
साक्षीदार : १. डॉक्टर, सही  २. शेजारच्या टेलरताई, सही