तळ्यातल्या माशाला येणारा वास

बाबा,

आज ऑफिसात एका अहवालावर सही करायची होती, ती मी केली नाही. हे सांगायला तुमच्याशिवाय कोणी सुचेना, कारण ते तळं तुमच्या ओळखीतलं आहे. आपल्या तेल कंपनीच्या कॉलनीमागचं नव्हे, त्याच नदीने मागे सोडलेलं, दोनेक तासांवरचं दुसरं. आसाम तेच आणि जमिनीखालचं तेलही तेच. तिथे तेलाच्या नव्या विहिरी खोदायच्या आहेत. पक्ष्यांना, माशांना काही धोका नाही असं सांगणारी एक पाहणी झाली आहे, आणि ती तपासायचं काम इथे आयर्लंडात, स्वोर्ड्स गावातल्या आमच्या छोट्या कंपनीकडे आलं. तू तिकडचीच ना, म्हणत साहेबांनी ते माझ्या टेबलावर सरकवलं. मी पुण्याहून आले एवढंच त्यांना माहीत; त्यांच्या लेखी पुणे आणि आसाम शेजारशेजारची गावं आहेत.

पाहणी केली कधी, तर उन्हाळ्याच्या तोंडावर. तेव्हा थंडीतली बदकं उत्तरेला परतलेली असतात आणि पुराच्या पाण्याबरोबर वर चढणारे मासे अजून यायचे असतात. सुट्टीत शाळेत जाऊन इथे मुलं नाहीत असं लिहावं, तसा तो अहवाल. इथल्या खाडीवर हिवाळ्यात बदकं उतरतात, तर त्यांना त्रास नको म्हणून कुत्र्याला दोरी बांधा अशी पाटी लावतात. मग तिथल्या बदकांनी काय घोडं मारलंय? मी साहेबांना सांगितलं, हिवाळ्यात आणि पावसाळ्यात पुन्हा पाहा, नाहीतर माझं नाव घालू नका. ते शांतपणे कॉफी ढवळत राहिले. माणूस वाईट नाही. “इट्ल बी ग्रँड,” म्हणाले, म्हणजे होईल सगळं ठीक. “आपण फक्त तपासतोय, खोदत नाही.” मग हळूच हेही सांगितलं की हे गिऱ्हाईक गेलं, तर माझी जागा ठेवणं अवघड आहे.

घरी येताना बसमध्ये मला आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. पावसाळ्यातला रविवार आहे. आईने तळ्यातला रोहू आणून कोकणातून आलेली आमसुलं घालून केलाय. मी पहिला घास घेते आणि म्हणते, याला रॉकेलचा वास येतोय. आई स्वतःचं ताट बाजूला सारते. तुम्ही माझ्याकडे बघता आणि म्हणता, “ताटातल्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत.” आणि स्वतःचा मासा काट्यासकट चावून संपवता, वर रस्साही मागून घेता. आपल्या घरात हा नियमच होता, मीठ कमी पडलं तरी कोणी बोलायचं नाही. त्या दिवशी तो नियम तुमच्या चांगलाच उपयोगी पडला.

हे सगळं मी जेवताना लेकीला सांगितलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र तिच्या आयरिश इंग्रजीत येतं. तिने विचारलं, “बट डिड ही नो, आई?”

माहीत होतं, बाबा. त्याच पावसाळ्यात, त्या रविवारच्या थोडं आधी, तुम्ही मला रिगवर, तेलाची विहीर खोदत होते तिथे, नेलं होतं. विहिरीतून निघालेला तेलकट चिखल साठवायचा खड्डा काठोकाठ भरला होता आणि एका कोपऱ्यातून तळ्याकडे झिरपत होता. पाण्यावर लांबवर तवंग पसरला होता. तुम्ही गुडघाभर चिखलात उतरून वाळूच्या गोण्या रचत होता, हाताखालच्या माणसांच्या बरोबरीने, थेट अंधार पडेपर्यंत. घरी आल्यावर त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. त्या थंडीत मात्र तुम्ही मला दुर्बीण आणून दिलीत आणि सकाळी सकाळी तळ्याच्या दुसऱ्या काठावर नेऊन बदकं ओळखायला शिकवलंत. त्या काठावर तवंग नव्हता. तुम्हाला तळं जिवापाड आवडायचं आणि नोकरीही टिकवायची होती. दोन्ही खरं होतं, आणि मला तुमचा राग येतो तोही खरा आहे.

लेकीला मी सांगितलं, हो, त्यांना माहीत होतं. तिने उठून ताटं विसळली. मी लॅपटॉप उघडला आणि पाहणीत काय काय सुटलंय ते सविस्तर लिहून साहेबांना पाठवलं. हे काम ज्यांच्यासाठी चाललंय त्या गिऱ्हाइकालाही तीच प्रत पाठवली, म्हणजे ती साहेबांच्या टेबलावर अडकून पडायला नको. जागा गेली तर दुसरी शोधेन. हात-पाय धड आहेत आणि पाण्याची परीक्षा मला करता येते.

एवढं मात्र कबूल करते. तुम्ही असता तर मेल पाठवण्याआधी मी तुम्हाला फोन केला असता. तुम्ही म्हणाला असता, जाऊ दे, तुला काय करायचंय. आणि मी ऐकलं असतं.