आशीर्वाद आधी कोणाचा

प्रिय लिंदाउराताई,

मारियामातेच्या कृपेने साओ पाउलोत मी खुशाल आहे. तुझे गुडघे कसे आहेत? कोंबड्या अंडी देतात ना?

माझा लेक एवानिल्दो सुखात आहे. त्याचा जोडीदार ओतासिलियो रांधतो चांगले आणि खोलीबाहेर पडताना दिवे विझवतो.

रविवारी दुपारी दोघांनी मला त्यांच्या नाचाच्या बारमध्ये नेले. तिथे पुरुष पुरुषांना धरून नाचतात, पार रेसिफे-बेलेमहूनही येतात. मी फक्त पेरूचा रस घेतला. मालकीण जुरेमा म्हणजे टिकल्यांचा झगा घातलेला साठीचा पुरुष. येणारा प्रत्येक जण तिच्या हाताचे चुंबन घेऊन म्हणतो, "आई, आशीर्वाद दे." आपला एवानिल्दोही! मला मात्र बस स्टँडवर आशीर्वाद न मागता नुसती मिठी मारली होती. अंगाचा तिळपापड झाला.

माझा चेहरा पाहून जुरेमा हसली. "बाई, जन्म तुम्ही दिलात, पण त्याच्या तापात कोंबडीची पेज मी भरवली हो!"

"मग दमला असाल. सरका जरा," म्हणत मी तिच्या शेजारी खुर्ची ओढली आणि हात पुढे केला. अनोळखी पोरे रांगेने आली. सगळ्यांना म्हटले, "देव तुझे भले करो." एवानिल्दो लांब उभा राहून हसत होता. तो येईपर्यंत मी हात खाली घेतला नाही.

तुझी धाकटी,
दोंझिलिया